सूतभर

मी शाळेत भूमिती शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जी चूक येणार आहे ती भूमितीतलीच आहे आणि घरात तिच्यावरून माझी पुरेशी चेष्टा करून झालेली आहे.

सायकल २००७ साली घेतलेली. लोखंडी सांगाडा, २६ इंची चाकं, पुढे तीन चक्रं आणि मागे सात, म्हणजे २१ गिअर. घर धुळ्यात देवपूरला, शाळा पांझरेच्या पलीकडे गावात. रोजच्या रस्त्यात चढ म्हणाल तर पुलाचा, तोही नावापुरता. २१ पैकी मी एकच गिअर वापरत होतो. उरलेले वीस नुसते वाहून नेत होतो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात तिचा चिखल होत नाही, डिंक होतो. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राच्या, दोन चिमुकल्या चक्रांत ती अशी बसते की काडीनं उकरून काढावी लागते. एका आषाढात सायकल स्टँडवरून आडवी पडली, डिरेलर आत वाकला आणि दुसऱ्या दिवशी स्पोकमध्ये अडकता अडकता राहिला. तेव्हा ठरवलं की गिअर पुरे झाले. पुढे एक चक्र, मागे एक चक्र आणि मध्ये सरळ चेन, दूधवाल्याच्या सायकलीसारखी. सांगाड्याला मागे चाक बसायची खाच तिरकी आणि लांब होती. त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येणार होती, वेगळा टेन्शनर लावायची गरज नव्हती.

जवळच्या दुकानात सायकल टाकली. सात चक्रांची जुनी फ्रीव्हील निघता निघेना. ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसते आणि आपण पायडल मारतो तशी आवळतच जाते. सतरा-अठरा वर्षं मी ती आवळत होतो. शेवटी मिस्त्रीनं फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं हत्यार व्हाइसमध्ये पकडलं, त्यावर अख्खं चाक ठेवलं आणि आम्ही दोघांनी चाकच ट्रकच्या स्टिअरिंगसारखं फिरवलं. ‘टक्’ असा आवाज झाला आणि सुटली. मग त्यानं साध्या सायकलची १८ दाती फ्रीव्हील चढवली, ११२ कड्यांची नवी चेन तोडून ९८ कड्यांची केली आणि पुढच्या तीनपैकी मधल्या, ३८ दाती चक्रावर टाकली. एक डोळा मिटून मागून पाहिलं, म्हणाला, “लाइन बसली सर.”

लाइन म्हणजे पुढचं आणि मागचं चक्र एका सरळ रेषेत. मीही एक डोळा मिटून पाहिलं. मलाही बसलेली दिसली.

चेनच्या रुंदीचं इथेच सांगतो. मिस्त्री लोकांचं माप अजून सुतात चालतं, इंचाचे आठ सूत. साध्या सायकलची चेन आतून एक सूत रुंद असते आणि पाच-सहा-सात गिअरवाली पाऊण सूत. एक सुताची चेन पाऊण सुताच्या दातांवर चालते, थोडी ढिली बसते एवढंच. उलटं मात्र जमत नाही, जाड दातावर अरुंद चेन बसतच नाही. माझं पुढचं चक्र पाऊण सुताचं होतं आणि मागची फ्रीव्हील एक सुताची, म्हणून चेन एक सुताची. इथवर मिस्त्रीचं सगळं बरोबर होतं.

पहिल्या दिवसापासून आवाज होता. खर्र खर्र असा, दळण जाडं निघताना जात्याचा येतो तसा. नवीन आहे, बसेल, असं मी स्वतःला सांगितलं. चौथा दिवस सोमवार होता, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाचा. पुलावर ही गर्दी. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, मागे वाजंत्री, फुगड्या, आदल्या दिवशीचे रोट खाऊन सुस्तावलेले पुरुष कडेकडेनं. मी वाट काढायला जरा जोर लावला आणि पाय एकदम हवेत. चेन खाली. सायकल कडेला घेऊन चेन चढवली; वीस पावलांवर पुन्हा खाली. दोन्ही हात ग्रीसनं काळे, अंगात शाळेचा पांढरा शर्ट. एक आजीबाई मिरवणुकीतून थांबून म्हणाल्या, “उतरनी का रे भाऊ?” उतरली म्हटलं. त्यांनी हातातला प्रसाद माझ्या तळहातावर ठेवला, ग्रीससकट.

त्या संध्याकाळी मी व्हर्निअर काढला. शाळेच्या प्रयोगशाळेतला, सही करून आणलेला. आपण शिक्षक आहोत, डोळ्यानं कशाला बघायचं, मोजूच! पुढे मोजलं: सीटखालच्या उभ्या नळीपासून चक्राच्या दाताच्या मध्यापर्यंत ३४.५ मिलिमीटर. मागे चाक काढलं. हबच्या दोन्ही टोकांचे चेकनट असतात, त्यांच्या बाहेरच्या तोंडांमधलं अंतर १३० आलं, त्याचं निम्मं ६५. उजव्या चेकनटापासून फ्रीव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंत २९. पासष्टातून एकोणतीस गेले, राहिले ३६.

पुढे साडेचौतीस, मागे छत्तीस. फरक दीड मिलिमीटर! म्हणजे लाइन बसलीच होती आणि मिस्त्रीचा डोळा व्हर्निअरइतका पक्का होता. मग दोष चेनचा. मी दुसऱ्या दिवशी चांगल्यापैकी नवी चेन आणली, जुनी काढून ती टाकली. ती दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकात उतरली, नववीच्या अख्ख्या वर्गासमोर.

आमच्या गल्लीत आप्पा राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण कुणाच्या अंगणात पाना वाजला की त्यांना घरात बसवत नाही. ते आले, ओट्यावर बसले, माझी वही मागून घेतली. मापं वाचली. मग मान वर न करता विचारलं, “हाई पुढनं कथाईन मोजं?”

नळीपासून, मी म्हटलं.

“नळीना पोटथीन का बाहेरथीन?”

मला अजून कळलं नव्हतं. त्यांनी वही खाली ठेवली. “चेन नही रे भाऊ, तुनं माप वाकडं शे.”

मागचं माप मी सायकलच्या मध्यापासून धरलं होतं, पुढचं नळीच्या कातडीपासून. मध्यरेषा नळीच्या पोटातून जाते. नळीचा व्यास २८.६ मिलिमीटर, त्याचं निम्मं १४.३. ते मिळवायलाच विसरलो होतो. दरवर्षी मुलांना सांगतो की दोन अंतरांची तुलना करायची तर आरंभबिंदू एकच हवा, आणि घरी अंगणात वर्तुळाच्या परिघापासून मोजून मोकळा झालो होतो. माझी मुलगी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून हे सगळं ऐकत होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

खरं माप असं निघालं: पुढे ४८.८, मागे ३६. फरक १२.८ मिलिमीटर. आप्पांच्या भाषेत चार सूत, म्हणजे चक्क अर्धा इंच.

एवढी तिरपी चेन मला आणि मिस्त्रीला दिसली कशी नाही? मी नंतर यावर बराच विचार केला. मागून बघताना आपण चेनची वरची बाजू बघतो, ती पावणेदोन विती लांब आणि डोळा चाकाच्या जरा बाजूला. डोकं सूतभर इकडे-तिकडे झालं की तिरपं सरळ दिसतं आणि सरळ तिरपं. शिवाय गिअरच्या सायकलीत चेन याहूनही तिरपी फिरलेली आपण रोज पाहिलेली असते. तिथे ती चालते, कारण ती चेन मुळात बाजूला लवणारी असते आणि खालून डिरेलर तिला धरून चक्राच्या तोंडाशी आणून सोडतो. एक-चक्रीत तिला धरणारं कुणी नाही. त्यात माझं मधलं चक्र गिअरचं. त्याचे काही दात मुद्दाम बुटके आणि कडेनं घासलेले असतात, चेन शेजारच्या चक्रावर पटकन उडी मारायला. जिथून चेन निसटावी म्हणूनच दात घडवलेत, तिथे मी तिला तिरपी बांधून निसटू नको म्हणत होतो.

ट्रॅकच्या सायकलीत हे मध्यापासूनचं अंतर ४२ च्या आसपास ठेवतात, दोन चक्रांच्या रस्त्यावरच्या सायकलीत ४३.५, डोंगरी तीन-चक्रीत ४७.५ ते ५०. पण आकडा कोणता याला एक-चक्रीत फारसं महत्त्व नाही. पुढचा आणि मागचा आकडा एक हवा. एखाद-दीड मिलिमीटर इकडे-तिकडे चालतो. त्यापुढे चेन बोलायला लागते.

दोन वाटा होत्या. मागचं चक्र बाहेर आणायचं किंवा पुढचं आत न्यायचं. बारा-तेरा मिलिमीटर एकाच बाजूनं सरकवणं शक्य नव्हतं, म्हणून दोन्हीकडून.

मागचं आधी. सात चक्रांना जागा हवी म्हणून हबच्या एक्सलवर उजवीकडे नळीसारखे जाड वॉशर भरलेले असतात आणि डावीकडे जेमतेम एखादा. आता तिथे एकच चक्र होतं, बाकी सगळी मोकळी जागा. उजवीकडचा ७ मिलिमीटरचा वॉशर काढून डावीकडे घातला की अख्खा हब ७ मिलिमीटर उजवीकडे सरकतो. चेकनटांमधलं अंतर १३० चं १३०च राहतं, सांगाड्याला काही करावं लागत नाही. ऐकायला दोन मिनिटांचं काम.

एक्सल बाहेर काढताच छर्रे अंगणभर. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ, दोन्हीकडचे मिळून अठरा. मी खाली पेपर पसरला होता, पण छर्ऱ्यांना पेपर वाचता येत नाही. तुळशीच्या कुंडीमागून, चपलांतून, मोरीच्या तोंडातून गोळा केले तर सतरा भरले. मी म्हटलं, एक नवा आणतो. आप्पा म्हणाले, आणायचे तर अठरा आण. जुने सतरा झिजून केसभर बारीक झालेले असतात. त्यांच्यात एक नवा टाकला तर सगळा भार तो एकटा घेणार आणि छर्रे बसतात ती वाटी फोडणार. छर्ऱ्यांची किंमत चहापेक्षा फार नव्हती. आणले, ग्रीस भरून एकेक बोटानं बसवले, कोन आवळला. (भूमितीतला नव्हे, छर्ऱ्यांना दाबून धरणारा नट.) चाक हाताला जड लागू नये आणि कडेला धरून हलवलं तर हलूही नये, या दोन्हींच्या मधली जागा नटाच्या फेरीच्या आठव्या भागाएवढी असते. ती सापडायला मला पाऊण तास लागला.

हब उजवीकडे गेला तसा रिमही उजवीकडे गेला. आता रिम डावीकडे ओढून मध्यावर आणायचा. चाकाचा बारीक आऊट, म्हणजे डुलणं, काढणं मला येत होतं, पण सगळा रिमच सरकवायचा म्हणजे धडधड होत होती. स्पोक तुटतील का, लांबी पुरेल का? कागदावर पायथागोरस मांडला, या वेळी आरंभबिंदू दोनदा तपासून. रिम ७ मिलिमीटर सरकूनही स्पोकच्या लांबीत एक मिलिमीटरचाही फरक पडत नव्हता. निपलची, म्हणजे स्पोकच्या टोकाच्या नटाची, एक पूर्ण फेरी म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटर. म्हणजे डावीकडचे अठरा स्पोक दोन-दोन फेऱ्या आवळायचे आणि उजवीकडचे अठरा सव्वा ते दीड फेरी सोडायचे. एका दमात नाही. अर्धी अर्धी फेरी करत, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून पुन्हा व्हॉल्व्हपर्यंत. आधी उजवे सोडायचे, मग डावे आवळायचे, म्हणजे ताण वाढत नाही.

मध्यावर आलं का हे बघायची घरगुती रीत आप्पांनी दाखवली. चेन न घालता चाक सांगाड्यात बसवायचं, सांगाड्याला एक खराट्याची काडी दोऱ्यानं बांधायची, तिचं टोक रिमला नुसतं टेकेल असं. मग चाक काढून उलटं, डावीची बाजू उजवीकडे करून बसवायचं. काडी पुन्हा तितकीच टेकली तर रिम मध्यावर. नाही तर जो फरक दिसतो त्याच्या निम्मं सरकवायचं. निम्मंच, पूर्ण सरकवलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच जातं. मी पहिल्यांदा पूर्णच सरकवलं.

त्या दिवशी एक फायदा फुकटात झाला. आधी सात चक्रांपायी उजवीकडचे स्पोक उभे आणि ताठ, डावीकडचे आडवे आणि सैल, असं ते चाक होतं. आता दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ सारखा झाला. बोटानं छेडले तर दोन्हीकडून एकच सूर येतो. नकाणे तलावाकडच्या खड्ड्यांत इतकी वर्षं दर पावसाळ्यात एखादा स्पोक जायचा. त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

मागे आता ४३ झालं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, थोडक्यात सांगतो. पायडलच्या मधल्या एक्सलची लांबी १२२.५ होती. ११३ चा सीलबंद बीबी, म्हणजे एक्सल आणि बेअरिंगचा एकत्र जोड, घातला तर एक्सल साडेनऊनं आखूड होतो आणि चक्र त्याच्या निम्मं, पावणेपाच मिलिमीटर आत येतं. ४८.८ चं ४४ होतं. धुळ्यात ११३ चा मिळेना, नाशिकहून मागवला, त्यात आठवडा गेला. उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात हे मला माहीत होतं. तरी पान्याला पाइप घालून मी दहा मिनिटं तिला आवळतच होतो. माहीत असणं आणि हाताला माहीत असणं यात किती अंतर आहे ते व्हर्निअरनं मोजता येत नाही. नवा बीबी बसला, क्रँक चढवला, फिरवला, तर सर्वांत आतलं २८ दाती चक्र मागच्या नळीला घासायला लागलं. ते मधल्या चक्राला रिव्हेटनं जोडलेलं होतं. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरनं रिव्हेट उडवून घेतले. बाहेरचं मोठं चक्र तसंच ठेवलं. आता ते पँटचा पायचा वाचवण्याचं काम करतं.

चक्र लोखंडी, स्वस्तातलं, फिरताना जरा डुलत होतं. एकाच जागी मोजलं तर दात कुठे मिलिमीटरभर आत, कुठे मिलिमीटरभर बाहेर येतो. म्हणून क्रँक चार वेळा पाव-पाव फेरी फिरवून चार मापं घेतली आणि सरासरी काढली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी बरंच काही करायला हवं होतं.

पुढे ४४, मागे ४३. चेन चढवली. चेनलॉकची क्लिप लावताना बंद तोंड चालायच्या दिशेला, उघडं मागे. चाक खाचेत मागे ओढून ताण दिला, मधोमध बोटानं दाबलं तर अर्धा इंच खाली जाईल इतका. सायकल उलटी करून पायडल फिरवलं.

आवाज होता. पूर्वीच्या पाव पट, पण होता.

एक मिलिमीटरच्या फरकाला हा आवाज येऊ नये. मी शाळेची दोन फुटी स्टीलची पट्टी आणली आणि आतल्या बाजूनं पुढच्या चक्राला चिकटवून मागे नेली. मागच्या फ्रीव्हीलशी तिचं टोक आलं तेव्हा, दातांच्या जाडीतला फरक धरूनही, सुमारे ३ मिलिमीटरची फट. आकडेमोड म्हणते एक, पट्टी म्हणते तीन. या वेळी आरंभबिंदू बरोबर होता. रात्री उठून पुन्हा बेरीज केली. बरोबरच होती.

सकाळी आप्पांना सांगितलं. ते थोडा वेळ सायकलकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डोयास्वर नको जाऊ, दोरी बांध.”

गवंड्याकडची लाइनदोरी आणली. मागचं चाक काढलं. दोरीचं एक टोक मागच्या उजव्या खाचेत बांधलं, तिथून पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून डावीकडून मागे आणली आणि डाव्या खाचेत ताणून बांधली. सायकलच्या दोन्ही कुशींना दोन सरळ रेषा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्या सारख्या अंतरावर हव्यात. डावीकडचं अंतर उजवीपेक्षा अडीच मिलिमीटरनं जास्त भरलं. म्हणजे मागचा सगळा भाग साधारण दोन मिलिमीटर डावीकडे झुकलेला. केव्हापासून, देवाला माहीत. कदाचित २००७ पासून. कदाचित मी कॅरिअरवर गव्हाचं पोतं एका बाजूला लादून दळायला न्यायचो तेव्हापासून. मी ज्याला मागचा मध्य म्हणत होतो तो चाकाचा मध्य होता, सायकलचा नव्हता. चाक दोन मिलिमीटर डावीकडे, म्हणून फ्रीव्हीलही तितकीच आत. ४३ नव्हे, ४१.

आप्पांच्या डोळ्यांत चमक आली. लोखंडी सांगाडा आहे, थंडाच वाकवता येतो, एक लाकडी बल्ली आण, नळ्यांमध्ये घालून दोन मिलिमीटर दाबू. हे खरंच करतात, लोखंडाला ते सोसतं, हे मलाही माहीत होतं. पण सतरा-अठरा पावसाळे खाल्लेली सायकल, वेल्डच्या कडेला गंज, आणि बल्ली धरणारे आम्ही दोघं, वयं मिळून एकशे वीसच्या वर. मी नको म्हटलं. आप्पा दोन दिवस आले नाहीत.

दुसरा उपाय फ्रीव्हीलखाली होता. हब आणि फ्रीव्हील यांच्यामध्ये एक पातळ कडी घातली की फ्रीव्हील तेवढी बाहेर येते. गंमत अशी की फ्रीव्हीलचे आटे आणि मधल्या एक्सलच्या वाटीचे आटे एकाच मापाचे असतात: व्यास १.३७ इंच, एका इंचात २४ आटे. त्यामुळे वाटीखाली घालायची कडी फ्रीव्हीलखालीही बसते. दुकानात ती मिळाली नाही. अवधानच्या एमआयडीसीत माझा एक जुना विद्यार्थी लेथवर आहे, त्याच्याकडे गेलो. आतून ३५, बाहेरून ४०, जाडी २ मिलिमीटर.

“सर, एवढ्यासाठी आलात?”

त्यानं दांड्यातून कडी कापली, एक तोंड घासलं, उलटी करून दुसरं घासलं, मग मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी जाडी पाहिली. मला समजावून सांगायला लागला, “दोन्ही तोंडं समांतर पाहिजेत सर. नाही तर फ्रीव्हील डुलते.” समांतर म्हणजे काय ते मी त्याला सातवीत शिकवलं होतं. पैसे घेतले नाहीत. जास्त जाड कडी करू नका, फ्रीव्हीलला धरायला आटे कमी पडतील, हेही त्यानंच सांगितलं.

घरी येऊन फ्रीव्हील पुन्हा सोडवली. या वेळी ती चारच दिवस आवळलेली होती, हलक्या हातानं निघाली. कडी घातली, ग्रीस लावून चढवली. पट्टी पुन्हा चिकटवली. फट एक मिलिमीटर. त्या एकाला मी हात लावला नाही.

सायकल उलटी करून पायडल मारलं. चेन फिरत होती आणि आवाज नव्हता. म्हणजे अगदी नव्हता असं नाही. तेलकट साखळीचा जो मऊ सरसर आवाज असतो तेवढा. मुलगी आतून बाहेर आली आणि म्हणाली, “बंद पडली का?”

पहिली लांब फेरी लळिंगपर्यंत केली, आग्रा रोडनं. ३८ आणि १८ दातांत पायडलच्या एका फेरीला सायकल सुमारे ४.४ मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी २१ किलोमीटर. सपाट रस्त्याला हे बरं पडतं. परत येताना मात्र वारा समोरून होता. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तेव्हा गिअरची आठवण आली, खोटं कशाला बोलू. उभा राहून, सगळं वजन टाकून पायडल मारलं, मुद्दाम वेडंवाकडं, खड्ड्यातून. चेन जागची हलली नाही.

आप्पा तिसऱ्या दिवशी आले. काही न बोलता सायकलचं मागचं चाक उचललं, हातानं पायडल फिरवलं, कान खाली नेला. बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, “कितलं ऱ्हायनं?”

एक मिलिमीटर, मी म्हटलं.

“सूतभर बी नही,” म्हणाले, आणि चहा मागितला.

सगळी मापं मी एका कागदावर लिहिली, पुढच्या मिस्त्रीसाठी, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली चिकटवली. पुढे ४४. मागे चेकनटांच्या मध्यापासून ४५. सांगाडा २ डावीकडे, म्हणून सायकलच्या मध्यापासून ४३. फ्रीव्हीलखाली २ ची कडी. बीबी ११३. चेन ९८ कड्या, एक सूत. मुलीनं तो कागद वाचला, लाल पेन आणलं आणि ‘मध्यापासून’ या शब्दाखाली दोन्ही ठिकाणी दुहेरी रेघ ओढली.